आबाजी कोणते?

‘छायाचित्राकडे बोट दाखवून रमेश म्हणाला, या मुलीच्या भावाचे वडील माझ्या आजोबांचे एकुलते एक चिरंजीव आहेत. तर ती मुलगी रमेशची कोण?’ पोलीस भरती असो, तलाठी भरती असो की बँकेची परीक्षा, हा रमेश फोटो घेऊन हजर असतोच. असा माणूस आमच्या वऱ्हाडातल्या बाळापूरच्या बसस्थानकावर भेटला तर लोक त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजतील.

आमच्या घरी पुतण्या भरतीची तयारी करतो. कागदावर पुरुषाला अधिकचं चिन्ह, बाईला उणे. बाईच उणे का, असं विचारलं तर म्हणतो, ‘क्लासमध्ये असंच शिकवतात.’ परवा त्यानं रमेशचं कोडं मोठ्यानं वाचलं. मोठी माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

‘आबाजी कोन्ते? बापाकडचे का मायकडचे?’

‘तसं दिलं नाही, मोठी माय. उत्तर बहीण आहे.’

‘मायकडचे असतीन तं पोरगी मामाची झाली. मंग सोयरीक करा ना बाप्पा!’

उत्तरतालिका काहीही म्हणो, तर्क मोठ्या मायचाच बिनतोड. आईच्या वडिलांचा एकुलता मुलगा म्हणजे मामा. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करत नाहीत, हे इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या १९५३च्या ग्रंथात नोंदवलंय. आता यात साटंलोटं मिसळा. एकानं ज्याची बहीण केली, त्यालाच आपली बहीण दिली. त्याच्या पोराची मामी हीच त्याची आत्या, आणि मामाची मुलगी हीच आत्याची मुलगी. म्हणजे मामाची म्हणून चालते, आत्याची म्हणून चालत नाही! चार पर्यायांत हे बसवून दाखवा. पेपर काढणाऱ्यांच्या जगात एका माणसाला एकच नातं असतं. अशा माणसाला वऱ्हाडात लग्नाची पत्रिका तरी कोण देईल?

नात्याचं कोडंच घालायचं तर आमच्या गावातलं घाला. ज्याच्या बापाकडच्या आजीची कबर आणि आईची कबर लांबून सारख्याच दिसतात, त्यानं बाळापुरात काय सुरू केलं? आजी मुमताज ताजमहालात, आई दिलरस बानू औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यात. तेव्हा तो औरंगजेबाचा मुलगा आझमशहा, आणि सुरू केला तो मान नदीकाठचा किल्ला. पुरा मात्र १७५७मध्ये एलिचपूरच्या नवाबानं केला. आजी कोणत्या बाजूची, हे मी आधीच सांगितलंय, याची नोंद घ्यावी.

या प्रकारातलं सगळ्यात अवघड कोडं अर्थात वेताळाचं. बापानं मुलीशी लग्न केलं, मुलानं तिच्या आईशी. दोन्हींकडे पोरं झाली, ती एकमेकांची कोण? विक्रम राजा गप्प बसला आणि त्या गप्प बसण्यावरच वेताळ खूश झाला. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापतात. तेव्हा पोरांनो, नातं जुळत नसेल तर अंदाजे उत्तर ठोकू नका, पुढच्या प्रश्नावर जा.