बघून घेऊ!

देवासच्या मराठी घरांत निवृत्त माणूस असला की त्या घरात एक 'नाना' तयार होतातच. कोणी बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, कोणी शाळेतून, कोणी बिजली खात्यातून. आडनावं वेगळी, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा' असं उगवलं की सगळ्यांच्या तोंडून मालवी वळणाचं एकच मराठी वाक्य बाहेर पडतं: "बघून घेऊ." मग चष्मा कपाळावर जातो, 'नंतर आठवण करा'वर टिचकी पडते आणि पोह्यांवर शेव-जीरावन पडायला वाट मोकळी होते.

नानांना काही कळत नाही, असं समजू नये. 'विनव्हर' टाइप करून आपली आवृत्ती कोणती ते बघायला त्यांना पुतण्या लागत नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटून चौथ्या पानावर त्या आवृत्त्यांची नोंद असते, तारखेसकट.

आणि पुरावे? ते तोंडपाठ. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं मोठं अपडेट आलं, काही जणांचे डॉक्युमेंट्स आणि फोटो त्यात उडाले आणि मायक्रोसॉफ्टलाच ते वाटप चार-पाच दिवसांत थांबवावं लागलं. ही गोष्ट नाना सत्यनारायणाच्या कथेइतक्या श्रद्धेने सांगतात. दुसरा अध्याय 19 जुलै 2024 चा. एका सकाळी जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली, आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. "ज्यांनी लगेच अपडेट घेतलं, ते विमानतळावर बसून राहिले!" पुतणी म्हणते, "नाना, ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची फाइल बिघडली होती." नाना शांतपणे विचारतात, "निळा पडदा कोणाचा होता?"

तिसरा अध्याय मात्र नाना वाचत नाहीत. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने एक भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं. 12 मे रोजी वॉनाक्राय नावाचा घुसखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून आत शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांपासून आंध्र पोलिसांच्या काही कॉम्प्युटरपर्यंत फायलींना कुलपं लावून खंडणी मागत सुटला. दोन महिने 'बघून घेऊ' म्हणणारेच त्यात सापडले. खरं तर दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट चार दिवसांत घेऊन टाकावं, आणि आख्खी आवृत्ती बदलायची असेल तर खुशाल महिना-दोन महिने इतरांची गंमत बघावी. नाना दोन्ही एकाच दोऱ्यात ओवतात, तिथेच त्यांचं गणित बिघडतं.

पण तयारी बघावी तर नानांचीच. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर दुसरी. मुलाच्या दुकानाचा टॅलीचा डेटा वेगळा. कृतिदेवचे फॉन्ट तर वेगळ्या फोल्डरमध्ये सोवळ्यात ठेवलेले, कारण मध्य प्रदेशात हिंदी अर्ज अजून कृतिदेवमध्ये टाइप होतात आणि नवी विंडोज कोरी टाकल्यावर तो फॉन्ट नसला की कलेक्टरसाहेबांना लिहिलेली विनंती इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येते. बिटलॉकरची 48 आकडी किल्ली वहीत सहा-सहाच्या गटांत लिहिलेली आहे. लाईट गेलीच तर यूपीएस किती मिनिटं टिकतो, हे त्यांनी टेबल फॅन लावून मोजलं आहे. सगळी जय्यत तयारी झाली की नाना हात धुतात आणि म्हणतात, "आता घाई कशाला?"

विंडोज 11 आली 5 ऑक्टोबर 2021 ला. नानांनी विचार सुरू केला.

मधल्या काळात त्यांना अस्सल देवासी तोडगा सुचला होता: एकाच यंत्रावर दहा आणि अकरा दोन्ही ठेवायच्या. नवल नाही. हे गावच तसं. पवारांच्या दोन भावांनी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थानं थाटली. दोन राजे, दोन दरबार, आणि 1948 पर्यंत हा संसार चालला. टेकडीवर देव्यासुद्धा दोन: थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. तिथल्या माणसाला एका हार्ड डिस्कवर दोन गाद्या मांडाव्याशा वाटल्या तर त्यात त्याचा काय दोष!

शेवटी शेजारच्या पोराने 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघितलं. अकराला टीपीएम 2.0 लागतं, ते बायोसमध्ये 'पीटीटी' नावाने झोपलेलं होतं, त्याला जागं केलं. पण प्रोसेसर निघाला सातव्या पिढीचा आणि इंटेलचा असेल तर हवा किमान आठव्या पिढीचा. चार वर्षं ज्याला होकार द्यावा की नकार, यावर खल चालला होता, त्या स्थळाकडूनच नकार आला.

विंडोज 10 चा आधार संपण्याची तारीख होती 14 ऑक्टोबर 2025, मंगळवार. शनिवारी धनतेरस. घरच्यांनी लॅपटॉपवरच्या सवलतींची जाहिरात नानांच्या ताटाशेजारी आणून ठेवली. नानांनी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'वाढीव सुरक्षा अपडेट, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. तीस डॉलर. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर साठवल्यास फुकट.' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी एकाच संध्याकाळी निर्णय घेतला.

नानांचे साडू धारला असतात. त्यांचा स्वभाव उलटा: बटण दिसलं की दाबायचं. नवीन लॅपटॉपवर अकरा आली त्याच रात्री त्यांनी फोन करून सुनावलं होतं, "नानासाहेब, कुठे राजा भोज आणि कुठे तुमची दहा!" भोजाच्या धारमध्ये राहणाऱ्याने ही म्हण वापरली की तिला वारसाहक्काचा सूर चढतो. पुढच्या मोठ्या आवृत्तीचं अपडेटही त्यांनी बॅकअप न घेता, चार्जर न लावता, जेवता जेवता घेऊन टाकलं.

एका रविवारी साडूभाऊ इंदूरमार्गे शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून लॅपटॉप बगलेत मारून देवासला हजर. जुना स्कॅनर ओळख द्यायला तयार नव्हता. नानांनी आधी चहा सांगितला, मग वही उघडली.

"अपडेट कधी घेतलं?"

"मागच्या बुधवारी. नाही, त्याच्या आधीच्या. पाहुणे होते, म्हणून यायला उशीर झाला."

नानांनी बोटांवर मोजलं. जुन्या आवृत्तीवर परत जायची सोय दहा दिवस असते. मग जुन्या फायली विंडोज स्वतःच झाडून टाकते. रविवारपर्यंत अकरा दिवस होत होते. तरीही नानांनी 'रिकव्हरी'चं पान उघडलं. 'परत जा' ही ओळ फिकट पडलेली होती.

"मग आता?" साडूभाऊंनी विचारलं.

"आता स्कॅनर बनवणाऱ्याच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का, ते बघून घेऊ," नाना म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढत पुटपुटले, "नाहीतर राजा भोजाला अर्ज करा. कृतिदेव माझ्याकडे आहे."