रावबहादूर मेगाहर्ट्झ

प्रोसेसरच्या बसचा वेग आणि रॅमचा वेग यांचा मेळ घालणे हे वरकरणी त्रैराशिकाचे काम भासत असले, तरी ज्या गृहस्थाने २००३ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (ज्याला सरकारदरबारी डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि जो त्या नावाने कोणालाच सापडत नाही) एखाद्या अरुंद दुकानात उभे राहून ते केले असेल, त्याला गणितापेक्षा मानमरातबांचे ज्ञानच तेथे अधिक उपयोगी पडते, हे उमगल्यावाचून राहिले नसेल.

त्या काळच्या पेंटियम ४ चेच उदाहरण घ्या. ज्या बसला सारे ८०० मेगाहर्ट्झ म्हणून कुर्निसात करीत, तिचे मूळ घड्याळ अवघे २०० चे; परंतु प्रत्येक ठोक्यास ती चार खेपा करते, या सबबीवर तिला ८०० ची सनद मिळालेली. रॅमचे घड्याळही २०० चेच; ठोक्यागणिक दोन खेपा, म्हणून डीडीआर ४००; दर खेपेस ८ बाइट, म्हणजे सेकंदाला ३२०० मेगाबाइट, म्हणून पुन्हा पीसी ३२००. एकाच खुर्चीवर बसून इतक्या उपाध्या मिरवणारा इसम मी सरकारी नोकरीतही पाहिला नाही. मात्र बसची क्षमता ६४०० आणि एका पट्टीची ३२०० असल्यामुळे दोन पट्ट्या जोडीने लावल्या की हिशेब पैशापैशाने जुळे, आणि तो जुळला म्हणजे माझ्या भाच्याच्या मुद्रेवर जे तेज पसरे, ते त्याच्या परीक्षेच्या निकालानंतर पाहण्याचे भाग्य आम्हांस लाभले नाही.

मेळ चुकला तर? ८०० च्या बसपुढे डीडीआर ३३३ ची पट्टी रुजू केली, तर ८६५ चिपसेट नामक कारभारी पाचास चार या प्रमाणाचे फर्मान काढून तिला ३२० वर चालवी; वरच्या १३ ची दाद कोठेही लागत नसे. उलट ५३३ च्या बसपुढे ४०० ची पट्टी आली, तर तिची ३३३ वर पदावनती ठरलेली.

पण याहून करुण प्रकार २००१ मधला. सेकंदाला ३२०० मेगाबाइट पचवू शकणाऱ्या बसचा पेंटियम ४, आणि त्याला साजेशी रॅमबस जातीची रॅम फार महाग; तेव्हा ८४५ चिपसेटच्या मध्यस्थीने त्याची गाठ पीसी १३३ शी घालण्यात आली, जी जेमतेम १०६६ पुरवी. मामलेदार दिवसाला तीनशे प्रकरणे निकालात काढणारा आणि दप्तरखान्यातून येणार शंभर. उरलेला वेळ साहेब जांभया देत, परंतु त्याही २ गिगाहर्ट्झच्या वेगाने! पत्रे टाइप करण्यापलीकडे संगणकास तोशीस न देणाऱ्या माझ्यासारख्याला यातले काहीच जाणवले नसते, हे मी भाच्याजवळ कधी बोललो नाही.

पुढे एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये, आणि इंटेलने २००८ मध्ये कोअर आय ७ मध्ये, रॅमचा कारभार थेट प्रोसेसरच्याच पोटात घेतला आणि मधल्या बसचे ते वतन खालसा झाले. उपाध्या तेवढ्या वंशपरंपरेने चालू राहिल्या. १६०० च्या घड्याळाची रॅम आता डीडीआर ४-३२०० म्हणवते आणि तिची संपूर्ण बिरुदावली पीसी ४-२५६०० अशी आहे. त्या जुन्या ३२०० शी या ३२०० चे नाते काय, असे भाच्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तेव्हाची ती मिळकत होती, आताचा हा हुद्दा आहे."