मनातलं मोठ्यानं बोला

युजर टेस्टिंगमध्ये मॉडरेटर नावाचा जो इसम असतो, त्याचं मुख्य काम गप्प बसणं हे असतं. या कामासाठी आमच्या दूरशिक्षण विभागाने माझी निवड केली. मी मराठी शिकवतो. तास संपल्याची घंटा झाल्यावर खरा रंगात येणारा मास्तर अशी माझी ख्याती आहे. तेव्हा ही निवड कोणत्या निकषांवर झाली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल. कारण एवढंच, की टूर बनवणाऱ्या कंपनीतली मुलं इंग्रजीत विचारायची आणि आमचे विद्यार्थी कणकवली, म्हसवड, अहेरी इथे बसून मराठीत अडायचे. मध्ये कुणीतरी हवं होतं.

टूर म्हणजे काय, तर आवारात ठिकठिकाणी तिपाई रोवून, तिच्यावर चहूकडे बघणारा कॅमेरा बसवून फोटो काढायचे आणि ते एकमेकांना असे जोडायचे, की विद्यार्थ्याला मोबाइलवर बोट फिरवत गेटपासून ग्रंथालयापर्यंत जाता यावं. जमिनीवर बाण असतात. बाण दाबला की पुढे. लांबच्या विद्यार्थ्याला कॉलेज आपलं वाटावं, हा हेतू. एरवी महाराष्ट्राला न पाहिलेल्या ठिकाणाहून शिकण्याची सवय जुनी आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत शिकून तिथली पदवी भिंतीवर लावलेल्या अनेकांनी गंगापूर धरणाजवळचं ते आवार डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्यामुळे त्यांचं काही अडलेलंही नाही. पण आमच्या कॉलेजला वाटलं, की आपण दिसलं पाहिजे.

टेस्टिंगला पाचच विद्यार्थी घ्यायचे ठरले. याला आधार आहे. याकोब नीलसन या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवलंय, की पाच माणसांना वापरायला दिलं तर साधारण ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. हे ऐकून आमच्या लेखा विभागाला गहिवरून आलं. शास्त्र आणि बजेट यांचं इतकं एकमत त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

विद्यार्थ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत टूर वापरायची, असाही नियम असतो. आयबीएममधल्या क्लेटन लुइस यांनी १९८२ च्या सुमारास ही पद्धत संगणकाच्या चाचण्यांत आणली. लुइससाहेबांना आपले विद्यार्थी भेटलेले नसावेत. आपला विद्यार्थी सरांसमोर मनातलं बोलत नाही. सरांच्या मनात काय असेल ते बोलतो.

“काय वाटतंय?”

“चांगलं वाटतंय सर.”

“समोर काय दिसतंय?”

“चांगलं दिसतंय सर.”

त्यात सुरुवातीला एक ठरलेलं वाक्य वाचून दाखवावं लागतं: ‘ही तुमची परीक्षा नाही, सॉफ्टवेअरची परीक्षा आहे.’ हे ऐकताच म्हसवडचा मुलगा, जो तोवर रेंज मिळते म्हणून कडुनिंबाखालच्या बाजेवर आरामात पसरला होता, तो ताठ उठून बसला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

सोलापूरकडचे एसटी कंडक्टर मात्र मोकळे निघाले. नोकरी सांभाळून बी.कॉम. करतात. त्यांना ग्रंथालय शोधायला सांगायचं होतं, पण बटणावर जो शब्द आहे तो मॉडरेटरने उच्चारायचा नसतो. म्हणून मी म्हणालो, “समजा, तुम्हाला एक पुस्तक घरी वाचायला न्यायचंय.”

“सर, पुस्तक तिथं, मी इथं. नेणार कसं?”

प्रश्न बिनतोड होता. मी नियमाप्रमाणे गप्प बसलो. ते निघाले. गेट, झेंड्याचा चौथरा, पोर्च, जिना. “सर, ग्रंथालयाला डायरेक्ट गाडी नाही का? दर फाट्याला उतरून दुसरी धरायला लागतीय.” मग प्रयोगशाळेच्या बोळात शिरले आणि अडकले. “गाडी रिव्हर्स येईना सर.” परतीचा बाण तिथे कुणी ठेवलाच नव्हता. डायरेक्ट गाडी होती. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या, त्यांच्यामागे अख्खा नकाशा दडवलेला होता. त्या रेघांकडे बघून कंडक्टरसाहेब म्हणाले, “इथं मजकूर लिहायचा राहिलाय बहुतेक.” माझ्या जिभेच्या टोकाशी ‘वर, डावीकडे’ एवढेच शब्द येऊन थांबले होते. तेवढ्यात कंपनीच्या मुलाचा मेसेज आला: ‘सर, प्लीज हेल्प करू नका.’ जन्मभर फळ्यावर उत्तर लिहिलेल्या माणसाला उत्तर गिळायला काय यातना होतात, ते त्या पोराला कळायचं नाही.

अहेरीच्या नर्सबाई रात्रपाळी उरकून बसल्या होत्या. त्यांना फी भरायची खिडकी शोधायची होती आणि ती त्यांना चटकन सापडलीही. कंपनीच्या मुलाने आनंदाने नोंद केली. पण बाई खिडकीकडे बघतच राहिल्या. “सर, खिडकी उघडी आहे. रांग नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “कॉलेज चालू आहे ना?”

शंका रास्त होती. फोटोत चेहरे आले तर ज्याची-त्याची परवानगी घ्यावी लागते, म्हणून सगळं आवार रविवारी सकाळी टिपलेलं. शिपाई नाही, झेरॉक्सवाला नाही, कँटीनच्या कट्ट्यावर बसून कॉलेज चालवणारी मुलं नाहीत. आणि आपल्याकडे वाट पाटीवरून सापडत नाही, पाटीखालच्या माणसाकडून सापडते. (पाटी वाचून खात्रीसाठी त्या माणसाला विचारणारे सावध लोकही असतात; मी त्यातला.) पाचही जण खरे अडले ते बाणापाशी नाही, तर ‘आता विचारू कुणाला’ इथे. ही अडचण नीलसनच्या ८५ टक्क्यांत येते की उरलेल्या १५ मध्ये, ते मला सांगता येणार नाही.

ती नेमक्या शब्दांत मांडली कणकवलीच्या एका आजींनी. खरं तर टेस्टिंग त्यांच्या सुनेचं होतं. आजी शेजारी फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “गे, थंय कोणच कसो दिसना नाय? संप आसा काय?”

सून लाजली. तिने गडबडीत बोट खाली ओढलं आणि चित्र जमिनीकडे वळलं. आता, खाली कॅमेऱ्याची तिपाई दिसते. ती झाकायला जमिनीवर एक गोल चिकटवतात आणि त्या गोलात संस्थेचं बोधचिन्ह घालण्याची रीत आहे. आमच्या बोधचिन्हात वीणेसकट सरस्वती आहे. म्हणजे टूरमध्ये कुठेही उभं राहिलं, तरी विद्यार्थी थेट सरस्वतीवर उभा. कंपनीत, समितीत कुणाच्याही, खुद्द माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं. आजींनी आठळ्यांचे हात पदराला पुसले, मोबाइलला नमस्कार केला आणि सुनेला फर्मावलं, “पाय काढ आधी.” सून पाय काढायला बाण दाबत सुटली. प्रत्येक बाणानंतर पुन्हा सरस्वतीच.

शेवटी दहा विधानांचा कागद. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली आजही सगळीकडे चालते. एक विधान स्तुतीचं, पुढचं तक्रारीचं, आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. कंडक्टरसाहेबांनी सरांचा मान राखून सगळीकडे पाच दिले: वापरायला सोपं, पाच, उगाच गुंतागुंतीचं, पाच. त्या पद्धतीच्या हिशेबात याचे शंभरपैकी बरोबर पन्नास होतात. चिडून सगळीकडे एक-एक देणाऱ्याचेही पन्नासच. सरासरी ६८ धरतात. कंडक्टरसाहेबांना हा निकाल कळला तेव्हा ते म्हणाले, “पास आहे ना सर? मग झालं.”

अहवाल समितीपुढे गेला. परतीचे बाण मंजूर झाले. तीन रेघांखाली ‘नकाशा’ असं लिहायचं ठरलं. माणसं घालण्याचा विषय परवानग्यांसाठी पुढच्या बैठकीवर गेला. प्राचार्यांनी त्यांची केबिन टूरमध्ये नसल्याची उणीव दाखवून दिली, जी पाचांपैकी एकालाही जाणवली नव्हती. आणि सरस्वती मात्र त्याच दिवशी, एकमताने, पायाखालून काढली. तिच्या जागी काय घालायचं याची उपसमिती अजून बसायची आहे.

दुरुस्त टूर घेऊन आम्ही पुन्हा कणकवलीला फोन लावला. सुनेने चित्र खाली वळवलं. गोल गेला होता आणि तिपाई उघडी पडली होती. आजी पुढे वाकल्या.

“आता बरां झालां,” त्या म्हणाल्या. “कोणतरी उभो आसा.”

“आई, तो कॅमेऱ्याचा स्टँड आहे.”

“आसूंदे गे. त्याका इचार, फी खंय भरूची.”