जंतूची चुगली

"काय ओ वैनी, मागं एका रात्री तुमची पोरगी बर्फ मागत आली हुती. सरबताचा बेत हुता काय?"

"सरबत कुठलं काकू! नदीचं पाणी गार ठेवायचं हुतं तिला."

"नदीचं पाणी? माझ्या फ्रीजच्या बर्फात?"

"तर ओ. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतलंय न्हवं. सरांनी सगळा वर्ग पंचगंगेवर नेलता. आधी प्रयाग चिखलीला, मग जयंती नाला नदीत पडतोय तिथं, मग राजाराम बंधाऱ्यावर. पाणी तसंच उन्हात ठेवलं तर त्यातले जंतू वाढत्यात नायतर मरत्यात, खरा आकडा कळत न्हाई. म्हणून बर्फाच्या डब्यात घालायचं आणि सहा तासांच्या आत लॅब गाठायची."

"पाणी भरायला कॉलेजात जायला लागतंय? आम्ही जन्मभर घागरी भरल्या की!"

"मीबी तेच म्हटलं. तर मलाच शिकवालीय! बाटली आधी वाफेनं निर्जंतुक केलेली. बूच काढलं की खाली ठेवायचं न्हाई, आतनं बोट लावायचं न्हाई. बाटली पालथी धरून वीतभर खाली न्यायची, मग तोंड वरनं येणाऱ्या धारेकडं वळवायचं, म्हणजे हाताला लागलेलं पाणी आत शिरत न्हाई. काठोकाठबी भरायची न्हाई, लॅबात हलवायला जागा पाहिजे. एका पोरानं बूच दातात धरलं म्हणं."

"अगं आई गं! मग?"

"मग काय, सरांनी बाटली ओतायला लावली. दुसरी घे म्हणाले. नळाच्या पाण्याचं आणि वेगळंच. त्यात क्लोरीन असतंय, ते बाटलीतबी जंतू मारत बसतंय. म्हणून आधीच थायोसल्फेट घालून ठेवायचं."

"आणि जंतू दिसत्यात कसे? दुर्बिणीतनं?"

"न्हाई ओ. जांभळं औषध भरलेल्या पंधरा नळ्या असत्यात, मॅकॉन्की ब्रॉथ म्हणत्यात त्याला. दर नळीत एक चिमुकली नळी उलटी सोडलेली. पाच नळ्यांत दहा-दहा मिली पाणी, पाचांत एक-एक, पाचांत ०.१, म्हणजे दोन-तीन थेंबच. दोन दिवस ३७ अंशाला ठेवायचं. जंतू असले तर त्यातली दुधाची साखर आंबवत्यात, जांभळ्याचं पिवळं हुतंय आणि उलट्या नळीत बुडबुडा अडकतोय. कुठल्या पाचांत किती पिवळ्या उठल्या ते मोजून तक्त्यात आकडा बघायचा. उठलेल्या नळ्यांतलं परत ४४.५ अंशाला लावायचं. तिथंबी जंतू टिकला तर बहुतेक आतड्यातलाच."

"नाल्याचं काय निघालं?"

"पंधराच्या पंधरा पिवळ्या! पोरं खूश, उत्तर आलं म्हणून. सर म्हणाले, ह्याला उत्तर म्हणत न्हाईत. सगळ्या उठल्या की तक्ता फक्त '१६०० च्या वर' एवढंच सांगतोय. वर म्हणजे दोन हजार का दोन लाख? अंघोळीच्या पाण्यात आतड्यातले जंतू शंभर मिलीत २५०० च्या वर चालत न्हाईत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम. ते वर का खाली, हेच कळंना. आधी निर्जंतुक पाण्यात शंभर पट, हजार पट पातळ करून लावायला पाहिजे हुतं. शिळं पाणी चालत न्हाई, म्हणून परत नाल्यावर."

"म्हणजे परत बर्फ माझाच!"

"तुमचाच. पण चिखलीचं ऐका. पाणी कसं नितळ, तळाचे गोटे दिसत्यात. त्याच्याबी दोन-चार नळ्या उठल्याच."

"मग ते प्यायलं की माणूस मरतोय काय?"

"न्हाई काकू. ह्यातला ई. कोलाय जंतू बहुतेक गरीबच असतोय, आपल्या पोटात हाय की तो. एशेरिश नावाच्या डॉक्टरानं १८८५ साली तान्ह्या पोरांच्या शीतनं शोधला. नुसता चुगलखोर! पाण्यात सापडला की समजायचं, कुणाची तरी घाण आत आलीय. माणसाची का म्हशीची, ते मात्र सांगत न्हाई. पण त्याच वाटंनं टायफॉइड येतोय, कावीळ येतीय."

"२०१२ ला इचलकरंजीत कावीळ झाली तशी? माझी नणंद तिथंच. सगळी गल्ली धास्तावलेली."

"तीच वाट. काविळीचा विषाणू ह्या नळ्यांत दिसत न्हाई, पण चुगली लागली की सावध तरी हुता येतंय."

"बरं झालं बाई, आपण बोअरचं पितो."

"त्याचंच तर सांगायला आलोय. येताना तिनं एक बाटली आणली, आत कागदाची पट्टी असती ती. १९८२ साली ग्वाल्हेरच्या लोकांनी काढलेली सोपी तपासणी. पाणी भरायचं, उबदार जागेत एक-दोन दिवस ठेवायचं, काळी पडली तर पाणी बाद. गंमत म्हणून आमच्या बोअरचं भरलं. सकाळी बघतोय तर डांबरासारखं!"

"अगं बया! नळाला पाणी न्हाई म्हणून चार दिस तुमच्याच बोअरची पाइप आमच्या टाकीत हाय की! चहा तेच्याच पाण्याचा!"

"चहा उकळलेला, त्याचं काय न्हाई. माठ तेवढा ओता."

"पण घाण आली कुठनं?"

"हळू बोला. पलीकडच्या नव्या बंगल्याचा शोषखड्डा बघितलाय? आमच्या बोअरपासनं दहा पावलं न्हाई. आमच्या ह्यांनी तवाच सांगितलं हुतं, लांब घ्या म्हणून. तर म्हणाले, आमची जागा, आमचा खड्डा!"

"मग आता चांगलं तोंडावर सांगा."

"मी? तुम्ही सांगा की. तुमच्या भिशीत हाईत त्या."

"भिशी त्याच चालवत्यात ओ! पुढच्या महिन्यात माझा नंबर हाय. पैसे हातात पडू देत, मग बघा कशी सांगतो."

"आणि तवर?"

"तवर काय, गॅसवर पातेलं!"