बाठ्यावर आघात

रत्नागिरीत पोरांना इंग्रजी शब्द चिरायला शिकवायचं असेल, तर अल्फॉन्सो घ्यावा. अल् आणि सो या दोन फोडी, मधला फॉन् हा बाठा. जोर द्यायचा तो बाठ्यावर. पोर्तुगीज अफोन्सोवरून आलेलं हे नाव कोकणाने मात्र आढीत घालून असं पिकवलं की त्याचा हापूस झाला, आणि आघात कुठे गेला याची चौकशी कुणी केली नाही. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही फळाला, उच्चाराला नव्हे.

आपल्या मराठी वृत्तांची भिस्त आघातावर नाही, लघु-गुरूवर. शार्दूलविक्रीडित म्हटलं की १९ अक्षरं, म-स-ज-स-त-त-ग. शतकानुशतकं एक गण जागचा हललेला नाही. आणि इंग्रजी? फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या सिलेबलवर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. एवढ्या बदल्या तर तलाठ्याच्याही होत नाहीत. (त्याच्या निदान शिफारशीने थांबतात.)

शेवटी 'शन' आला की जोर त्याच्या अलीकडच्या सिलेबलवर, हा एक नियम तेवढा भरवशाचा. तो शिकून आमच्या आळीतला मुलगा घरी आला आणि छाती फुगवून म्हणाला, "एज्युकेऽऽशन!"

ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आजीने सूप खाली ठेवलं. "कोणावर खेकसतोयस रे? हळू बोल की."