स्मार्टराव

प्रत्येक सोसायटीत एक स्मार्टराव असतोच. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी बँकेतली, पण खिशात पेनाशेजारी टेस्टर. रविवारी सकाळी हा गृहस्थ पिशवी घेऊन निघाला की वहिनी भाजीची यादी देत नाहीत. तो मंडईत नव्हे, विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत चाललाय हे त्यांना ठाऊक असतं.

सुरुवात दिवाळीच्या सेलमधल्या एका वायफाय बल्बने झाली. मोबाइलवरून लागतो, विझतो, रंग बदलतो. आठवडाभर आईंची सांजवात जांभळ्या उजेडात झाली. मग एका रात्री वहिनींनी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. वीजच तुटल्यावर बल्ब मोबाइलला कसली दाद देणार? दुसऱ्या दिवशी बटणावर चिकटपट्टी आणि वर सूचना : ‘दाबू नये’.

चिकटपट्टी टिकली नाही. तेव्हा बटणामागे बसवायचं मॉड्यूल आलं. बोर्ड उघडला, तर आत न्यूट्रलची वायरच नाही. आपल्याकडे जुन्या इमारतींत न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते, बटणाच्या वाट्याला फक्त फेज येते. आणि या मॉड्यूलला जागं राहायला दोन्ही हव्यात. त्या दिवसापासून स्मार्टराव जगाकडे याच नजरेने पाहतात. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा बाकीची मंडळी मुलाच्या पगाराची चौकशी करत होती, हे टेस्टर घेऊन बोर्डापाशी. घरी येऊन म्हणाले, “मुलाचं नक्की सांगता येत नाही, पण वायरिंग फर्स्टक्लास आहे.”

पुढे वस्तू वाढल्या आणि राउटर धापा टाकू लागला, म्हणून झिगबी नावाचं वेगळं बिनतारी जाळं आलं. झिगबीत थेट विजेवर चालणारी वस्तू शेजारच्या वस्तूचा निरोप पुढे पोचवते. ड्राय बाल्कनीतल्या सेन्सरचा निरोप हॉलपर्यंत येईना, तर मधे एक स्मार्ट प्लग लावला. त्या प्लगला काहीही जोडलेलं नाही. “याचं काम काय?” असं वहिनींनी विचारलं, तर “निरोप्या आहे” म्हणाले. तेराशे रुपयांचा निरोप्या.

या सगळ्यांचा कारभार पाहायला टीव्हीमागे रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक आणि त्यात होम असिस्टंट. हे सॉफ्टवेअर 2013 पासूनचं आणि फुकट. फुकट गोष्ट किती महागात पडते याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नसेल. त्याची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. वहिनींनी तो बुधवार कालनिर्णयवर एकादशीसारखा नोंदवून ठेवलाय. त्या रात्री जेवणं लवकर उरकतात आणि टॉर्च हाताशी असतो.

खरी परीक्षा आईंची झाली. हॉलमधला सेन्सर शरीराची उष्णता हलली तरच माणूस ओळखतो. आई जपाला बसल्या की दगडासारख्या स्थिर. अर्ध्या माळेतच दिवा गुल. मग त्या डोळे मिटूनच मधूनमधून एक हात हवेत हलवू लागल्या, आणि समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकीतून उलट हात करू लागल्या. स्मार्टरावांनी ताबडतोब रडार सेन्सर मागवला. त्याला श्वासाने हलणारी छातीसुद्धा कळते. दुर्दैवाने त्याला फिरता पंखा आणि उडता पडदाही कळतो. आता हॉलमध्ये कोणी नसलं तरी दिवा रात्रभर पंख्याच्या सेवेला हजर.

“पण वीज वाचते ना!” हे त्यांचं शेवटचं अस्त्र. पॅसेजमधला नऊ वॉटचा बल्ब रोज तासभर उगाच जळला, तरी वर्षाला साडेतीन युनिटही होत नाहीत. बँकेत दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते पैशापर्यंत काढणारा हा माणूस एवढा गुणाकार मात्र करायचं टाळतो.

गंमत म्हणजे त्यांनी केलेली एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. गच्चीतल्या टाकीवर त्यांनी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला. टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो. तेव्हापासून सोसायटीचं पाणी गटारात गेलेलं नाही. पण त्याबद्दल ते कधी अवाक्षर काढत नाहीत. विषय काढलाच, तर “ते काय, चालतंय” म्हणून मान फिरवतात. जे चालतं त्यात त्यांना रस नाही. घर पूर्ण स्मार्ट झालं, तर या माणसाने रविवारी जायचं कुठे?

वहिनींनी आता आपला मार्ग शोधलाय. प्रत्येक खोलीत एक साधा दिवा, साध्या बटणावर, आणि त्याला हात लावायचा नाही असा करार. स्मार्टरावांनी सही केली आहे. फक्त त्या बटणांमागे न्यूट्रल ओढून ठेवायची परवानगी मागून घेतली.

तुम्ही नवा फ्लॅट बुक करत असाल, तर बिल्डरला सांगून प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आत्ताच ओढून घ्या. तुम्हाला या नादाची गरज नसेल, पण घरात पोरगं वाढतंय.