ओढू नका, उचला

कुर्ल्याच्या नेहरूनगरात संध्याकाळी पाचनंतर कुठल्याही इमारतीच्या आवारात शिरा. गेटापासून चार पावलांवर, सावलीत पण रस्ता दिसेल अशा बेतानं एक खुर्ची मांडलेली असते आणि तिच्यात एक अण्णा असतात. आमच्याकडेही आहेत. आवारातल्या खुर्च्या सोसायटीच्या, हे कागदोपत्री खरं. प्रत्यक्षात त्या अण्णांच्या. प्रत्येकीच्या पाठीमागे त्यांनी लाल ऑइलपेंटनं इमारतीचा नंबर घातलाय आणि नंबराखाली एक टिंब. टिंब कशाला, असं विचारलं की डोळे बारीक करतात. "नंबर काय, कुणीही घालेल. टिंब कोण घालणार?"

त्यांचा मंत्र एकच : "ओढू नका, उचला." पोरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना. सत्यनारायणाला आलेले नगरसेवक खुर्ची पुढे सरकवायला गेले, तर हातावर तीर्थ असतानाच अण्णा म्हणाले, "साहेब, उचला." साहेबांनी उचलली. अण्णांचं शास्त्र साधं आहे. ओढली की पाय झिजतात, झिजले की खुर्ची डुगडुगते, डुगडुगली की माणूस मागे रेलतो आणि मागे रेलला की पाय फाकतात. पुढचं डॉक्टर बघतात.

हे सगळं नोकरीतून आलेलं. उमेदीची वर्षं गेली ती कुर्ल्याच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, सीटच्या खात्यात. पद्मिनीला गिअर स्टिअरिंगपाशी, म्हणून पुढची सीट सलग आणि तिच्यावर तिघं. कारखाना बंद झाला, तरी कुठं गॅरेजबाहेर बाकड्यासारखी टाकलेली जुनी सीट दिसली की अण्णा थांबतात, पंजानं दाबून बघतात आणि 'स्प्रिंग शाबूत आहे' असं गॅरेजवाल्याला सांगूनच पुढे जातात. त्यानं विचारलेलं नसतं.

खुर्चीच्या पाठीला तडा गेला की ती वर घरात जाते. काकू न बोलता गॅस मोकळा करून देतात. अण्णा सांडशीत दाभण धरून लाल होईपर्यंत तापवतात आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडतात. तडा जिथं संपतो तिथं एक जास्तीचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तांब्याची तार उलटसुलट ओवून टाके. गाठ मागच्या बाजूला, "नाहीतर शर्टाला लागते." जळक्या प्लास्टिकचा वास जिन्यात दोन मजले. टाके धरणार नाहीत अशी खुर्ची दुसऱ्या अधू खुर्चीत बसवायची आणि ती जोडी वजनदार मंडळींसाठी राखून ठेवायची. "तुम्ही ही डबल घ्या," असं अण्णा अदबीनं म्हणाले की समजावं, आपण जाड झालो.

त्यांचा पुतण्या इंटिरिअरच्या कामात आहे. तो मोबाइलवर परदेशी खुर्च्या दाखवतो. परवा त्यानं रिचर्ड शुल्ट्झची १९६६ सालची दाखवली. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स नोल यांचं फ्लोरिडातलं अंगणातलं फर्निचर समुद्राच्या वाऱ्यानं गंजलं, म्हणून त्यांनी नवं करून मागितलं : अॅल्युमिनियमचा सांगाडा, वर ताणलेली जाळी. अण्णा खूश झाले. "खारा वारा! बाईंना कळलं." मंडळाच्या जुन्या लोखंडी घडीच्या खुर्च्यांनी किती पांढऱ्या लेंग्यांवर गंजाच्या रेघा ओढल्या, याची उजळणी झाली. मग किंमत विचारली. पुतण्यानं सांगितली. अण्णा थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. "एकात एक बसतात का रे?"

पुतण्यानं विषय बदलला. म्हणाला, काका, तुम्ही बसलाय तीही काही बेवारस नाही. फ्रान्समध्ये हेन्री मासोनेनं १९७२ मध्ये अशी खुर्ची बाजारात आणली. साच्यात वितळलेलं प्लास्टिक सोडलं की दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची, ना खिळा ना सांधा. जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमनं २०१७ मध्ये या खुर्चीवर प्रदर्शनच भरवलं. अण्णांनी काळजीनं विचारलं, "उन्हात नाही ना ठेवल्या?" उन्हानं त्या भुरभुरीत होतात, हाताला पांढरी पूड लागते. पण तिथून जवळच, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरानं सार्वजनिक जागेत या खुर्च्यांना २००८ ते २०१७ बंदी घातली होती, कारण काय तर शोभत नाहीत, हे ऐकून मात्र ते उखडले. "बसल्यावर दिसतेच कुठं?"

चंडीगडची गोष्ट तर पुतण्यानं सांगायलाच नको होती. पिअर जनरेनं तिथल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या सरकारनं भंगारात काढल्या आणि आता त्या परदेशातल्या लिलावात लाखांनी विकल्या जातात. तेव्हापासून आमच्या गेटात भंगारवाल्याला मज्जाव आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी कुर्ल्यात शिरली. आमच्या तळमजल्यावरची लोखंडी कपाटं जागच्या जागी बुडाली, खुर्च्या मात्र तरंगत गेटाबाहेर निघून गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल उपसत होते आणि अण्णा गल्ल्यागल्ल्यांतून टिंबं शोधत हिंडत होते. काकू काय म्हणाल्या ते इथं छापण्यासारखं नाही. पण गेल्या त्यापेक्षा एक जास्तच परत आली, मरून रंगाची, बिननंबरची. तिच्यावर अण्णांनी आजतागायत आपला नंबर घातलेला नाही. लग्नाकार्याला ती जात नाही. "तिचा माणूस येईल न्यायला."

मध्यंतरी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी ठराव मांडला : खुर्च्या काढून आवारात ग्रॅनाइटचे पक्के बाक बसवावेत. मोडत नाहीत, चोरीला जात नाहीत, ज्येष्ठांची सोय. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा शांतपणे उठले.

"बाकावर शेजारी कोण येऊन बसेल, ते आपल्या हातात नसतं. खुर्ची फिरवता येते. तुम्ही गेटातून आत आलात की मी रोज फिरवतो."

ठराव बारगळला. इतिवृत्तात कारण 'निधीअभावी' असं आहे.